ड्युअल बूटची टिपणे नेमके काय शिकवतात? एक समीक्षा

संगणक अभ्यासक्रमाच्या प्रात्यक्षिक वहीत 'एकाच संगणकावर विंडोज आणि लिनक्स बसवणे' हा प्रयोग बहुधा दीड-दोन पानांत उरकलेला असतो. बूटेबल पेनड्राइव्ह तयार करा, डिस्कवर जागा मोकळी करा, लिनक्स बसवा, संगणक पुन्हा सुरू करा. शेजारी चौकटीत ठळक अक्षरांत एक नियम: आधी विंडोज, मग लिनक्स. पायऱ्यांचा हा क्रम बहुतेक ठिकाणी बरोबर असतो, त्याबद्दल तक्रार नाही. पण तो वाचून आपल्या संगणकात नेमके काय बदलले, हे विद्यार्थ्याला कळते का? माझ्या मते कळत नाही, आणि चौकटीतला तो नियमच त्याचा चांगला पुरावा आहे.

नियम आला कुठून ते पाहू. जुन्या बायोस पद्धतीत डिस्कच्या पहिल्या 512 बाइटच्या सेक्टरमध्ये, म्हणजे एमबीआरमध्ये, संगणक सुरू करणाऱ्या प्रोग्रामसाठी जेमतेम 446 बाइट जागा असे. तिथे एकालाच राहता येई. विंडोज बसवताना ती जागा न विचारता ताब्यात घेई, त्यामुळे आधी बसवलेल्या लिनक्सचा ग्रब हा बूटलोडर पुसला जाई. म्हणून विंडोज आधी. कारण माहीत असेल तर नियम पाठ करावा लागत नाही.

यूईएफआय आल्यावर हे कारणच बदलले. आता डिस्कवर ईएफआय सिस्टिम पार्टिशन नावाचा छोटा भाग असतो. त्यात विंडोजचा बूटलोडर एका फोल्डरमध्ये, लिनक्सचा दुसऱ्या फोल्डरमध्ये, असे दोघे शेजारी नांदतात. आधी कोणाला बोलवायचे याची यादी मदरबोर्डच्या स्मृतीत असते. विंडोज नंतर बसवले तर ग्रब सहसा पुसला जात नाही, फक्त यादीत मागे ढकलला जातो. फर्मवेअरच्या मेनूत जाऊन क्रम बदलला की काम झाले. ज्याला हे ठाऊक नाही तो 'लिनक्स उडाले' असे समजून सगळे पुन्हा बसवायला घेतो, आणि त्या गडबडीत चालू असलेली पार्टिशनही घालवतो. क्रम पाळणे आजही सोयीचे आहे, कारण ग्रबच्या यादीत विंडोज दाखवता येते, पण विंडोजचा बूटलोडर लिनक्सची दखल घेत नाही. मात्र हीसुद्धा आपोआप घडणारी गोष्ट राहिलेली नाही: 2021 च्या ग्रब 2.06 पासून दुसरी सिस्टिम शोधण्याची सोय मूळ मांडणीत बंद ठेवलेली आहे. जुन्या टिपणांत याचा उल्लेख सापडणे कठीण.

आता शिकवण्याच्या माध्यमाकडे वळू. आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पाने मुक्त सॉफ्टवेअरचे शिक्षण मराठीत आणले, हे मोठे काम आहे. पडद्यावरची इंग्रजी तशीच ठेवून निवेदन मराठीत, साधारण दहा मिनिटांचा पाठ, आणि पाहता पाहता शेजारच्या खिडकीत तेच करून बघायचे. लिबरऑफिस किंवा सायलॅबसाठी ही रीत उत्तम. चुकले तर पूर्ववत करा, पाठ मागे घ्या. ड्युअल बूट मात्र या रीतीत बसत नाही. ज्या संगणकावर पाठ पाहायचा तोच बंद करून सुरू करायचा असतो. पडदा टिपणारे सॉफ्टवेअर सिस्टिमच्या आत चालते, म्हणून फर्मवेअरचा मेनू, म्हणजे नवशिक्या जिथे हमखास अडतो ती जागा, त्याला टिपताच येत नाही. आणि पार्टिशन पुसल्यावर 'पूर्ववत करा' नसते. या प्रयोगासाठी छापील कागद हवा, आणि त्यावर कळ दाबल्यावर काय घडेल यापेक्षा काय बिघडू शकेल हे जास्त हवे.

बिघाड म्हणजे नेहमी संगणक बंद पडणेच असते असे नाही. रायपूरच्या उरला औद्योगिक क्षेत्रासारख्या ठिकाणी, जिथे आयटीआयची मुले कामाला लागतात, धर्मकाट्यावरच्या संगणकाचे उदाहरण घ्या. समजा, ट्रक तोलण्याचे सॉफ्टवेअर विंडोज 10 वरच चालते, म्हणून ते ठेवले. 14 ऑक्टोबर 2025 ला त्याचा सर्वसाधारण पाठिंबा संपला, म्हणून इंटरनेटच्या कामासाठी शेजारी लिनक्स बसवले. लिनक्स मदरबोर्डच्या घड्याळात सहसा जागतिक वेळ ठेवते, विंडोज त्याच आकड्याला स्थानिक वेळ मानते. परिणामी विंडोज साडेपाच तास मागे जाते, आणि इंटरनेटवरून वेळ जुळेपर्यंत मागेच राहते. 1 एप्रिलच्या पहाटे 2 वाजता तोललेल्या ट्रकची पावती 31 मार्च, रात्री 8:30 अशी छापली जाईल. आर्थिक वर्षच बदलले! दोन्हींपैकी एका सिस्टिमला घड्याळाची रीत बदलायला सांगणे हे एका ओळीचे काम आहे, पण ती ओळ दीड पानात सहसा नसते.

विंडोजच्या 'फास्ट स्टार्टअप'चेही तसेच. ते चालू असताना विंडोज पुरते बंद होत नाही, अर्धवट झोपते. मग लिनक्समधून ती पार्टिशन फक्त वाचता येते, किंवा उघडतच नाही.

सर्वांत गंभीर उणीव एन्क्रिप्शनची. आजच्या अनेक लॅपटॉपवर डिस्क आधीच कुलूपबंद असते. बूटची मांडणी बदलली की विंडोज 48 अंकी रिकव्हरी की मागू शकते. ती हाताशी नसेल तर घरातला सगळा हिशेब त्या कुलपाआड. हे काम टिपणाच्या पहिल्या ओळीत हवे, पेनड्राइव्हच्याही आधी: की कागदावर उतरवा, फायलींची प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्या.

आणि सगळे नीट केले तरी हमी नाही. ऑगस्ट 2024 मध्ये मायक्रोसॉफ्टच्या सुरक्षा अपडेटनंतर अनेक ड्युअल बूट संगणकांवर लिनक्स सुरू होईना. हे अपडेट अशा संगणकांना लागू होणार नाही असे आधी सांगितले गेले होते. तात्पुरता मार्ग होता सिक्युअर बूट बंद करण्याचा. ज्याने केवळ पायऱ्या गिरवल्या, त्याला सिक्युअर बूट कोणाच्या सह्या तपासते हेच माहीत नसते.

माझी सूचना अशी: हा प्रयोग आधी व्हर्च्युअल मशिनमध्ये घ्यावा. दोन्ही सिस्टिम चालू झाल्यावर शिक्षकाने बूटचा क्रम उलटा करावा, ग्रबची फाइल काढून टाकावी, आणि निम्मे गुण ते दुरुस्त करण्याला ठेवावेत. तोंडी परीक्षेत पहिला प्रश्न: कळ दाबल्यापासून मेनू दिसेपर्यंत कोणी कोणाला हाक मारली?