वायुपार्य पटल आणि ‘पुनःप्राप्ती’ : एका संज्ञेचे परीक्षण

शास्त्रीय लेखनातील संज्ञा हे केवळ वस्तूचे नाव नसते. काय मोजावयाचे आणि काय वगळावयाचे, याचा निर्णयही तिच्यात दडलेला असतो. पशूंच्या द्रवरूप मलमूत्रातून अमोनिया मिळविण्यासंबंधीचे वाङ्मय या दृष्टीने तपासण्याजोगे आहे. अमेरिकेच्या कृषिखात्याच्या फ्लॉरेन्स (दक्षिण कॅरोलायना) येथील संशोधनकेंद्रात मॅटियास व्हानॉटी व एरियल सोगी यांनी वराहपालनातील मलमूत्रावर ही पद्धती विकसित केली. तिचे पेटंट २०१५ साली मिळाले.

पद्धतीचे तत्त्व साधे आहे. सूक्ष्म छिद्रांची, पाणी न शिरू देणारी नळी मलमूत्रात बुडवितात व तिच्या आतून सौम्य सल्फ्युरिक आम्ल खेळवितात. अमोनिया वायू छिद्रांतून आत शिरतो आणि आम्लाशी संयोग पावून अमोनियम सल्फेट बनतो. ‘पटल’ म्हणताच मराठी वाचकाच्या मनात गाळणी उभी राहते. ती कल्पना येथे उलटी ठरते. गाळणी द्रवाला वाट देते, हे पटल द्रवालाच अडविते. म्हणून ‘वायुपार्य’ हे विशेषण अलंकारासाठी नाही. सारा अर्थ त्याच्यावर तोललेला आहे.

दुसरा घोटाळा ‘अमोनिया’ या शब्दाचा. मलमूत्रात विरघळलेला बहुतांश भाग अमोनियम या आयनाच्या रूपात असतो आणि आयन पटलापार जात नाही. २५ अंश सेल्सिअसला सामू सुमारे ९.२५ असेल तेव्हाच दोन्ही रूपे समसमान होतात. सामू ७ असता वायुरूप भाग एक टक्काही नसतो. सामू वाढविण्यासाठी अल्कली घालावी लागते, किंवा मंद गतीने हवा सोडून विरघळलेला कार्बन डायऑक्साइड घालवावा लागतो. दोन्ही रूपांना एकच नाव देणारा लेखक या सर्व खटाटोपाचे कारणच पुसून टाकतो.

सर्वांत महत्त्वाचा भेद ‘निष्कासन’ आणि ‘पुनःप्राप्ती’ यांतील होय. मलमूत्रातून जे गेले ते निष्कासन. आम्लात जे जमले ती पुनःप्राप्ती. या दोहोंतील तफावतीचा काही भाग हवेत निसटलेला असू शकतो, आणि तो रोखणे हाच तर उद्योगाचा हेतू. हे दोन शब्द परस्परांच्या जागी वापरले, की प्रदूषणाचा आकडा यशाच्या आकड्यात मिसळून जातो.

तथापि ‘पुनःप्राप्ती’ हा शब्दही निर्दोष नाही. जणू हरवलेली वस्तू जशीच्या तशी परत मिळाली, असे तो सुचवितो. प्रत्यक्षात २८ किलोग्रॅम नायट्रोजन बांधून ठेवण्यास ९८ किलोग्रॅम सल्फ्युरिक आम्ल खर्ची पडते. हा व्यवहार विनिमयाचा आहे. त्याची किंमत संज्ञेत उमटत नाही, म्हणून ती विवेचनात सांगितली गेली पाहिजे.

मराठीपुरता एक लाभ मात्र नोंदविण्यासारखा आहे. शेण कुजवून होते तेही ‘खत’ आणि कारखान्यातून येते तेही ‘खत’. इंग्रजीने या दोहोंस वेगळी नावे दिली असल्याने मलमूत्राचे अमोनियम सल्फेट झाले, की तेथे जातिबदल झाल्यासारखा वाटतो. मराठीत ते खताचेच खत होते. पण या ऐक्याचा उपयोग भेद जपून केला तरच आहे. अमोनिया आणि अमोनियम, गेलेले आणि मिळालेले, हे अंतर ज्या परिभाषेत टिकणार नाही, तिच्यात हे शास्त्र सांगता येईल, पण तपासता येणार नाही.