‘टीव्ही गाइड’चे इ. स. १९८० ते १९८४ चे अंक व त्यांचे संग्राहक

अमेरिकेंतील ‘टीव्ही गाइड’ या साप्ताहिकाच्या जुन्या अंकांचा संग्रह करणारे लोक पुष्कळ आहेत, आणि त्यांतील कित्येकांचा लोभ इ. स. १९८० ते १९८४ या पांच वर्षांच्या अंकांवर विशेष दिसतो. हे अंक दुर्मिळ नाहींत. ज्या साप्ताहिकाचा खप त्या काळीं दर आठवड्यास दीड कोटी प्रतींहून अधिक होता, त्याचे अंक चाळीस वर्षांत नामशेष होणें संभवत नाहीं. तेव्हां या संग्रहाची योग्यता दुर्मिळतेवरून ठरवितां येत नाहीं. ती कशावरून ठरवावी, आणि संग्राहकांनीं लावलेल्या कसोट्या कितपत शास्त्रशुद्ध आहेत, याचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे. दूरचित्रवाणीच्या कार्यक्रमांचें साप्ताहिक आणि आमच्या वाचकांचीं दफ्तरें यांचा संबंध काय, असें कोणी विचारील. संबंध एवढाच कीं, साधनपरीक्षेचे जे नियम आपण रुमालांतील कागदांस लावतों तेच येथेंही लागू पडतात, आणि येथें ते बहुधा कोणी लावीत नाहीं.

प्रथम या साप्ताहिकाची घडण सांगितली पाहिजे. वॉल्टर ॲननबर्ग या प्रकाशकानें न्यूयॉर्क, फिलाडेल्फिया, शिकागो इत्यादि शहरांतून निघणारीं स्थानिक कार्यक्रमपत्रें विकत घेऊन तीं एका नांवाखालीं आणलीं, आणि ता. ३ एप्रिल १९५३ रोजीं पहिला राष्ट्रीय अंक काढला. त्याच्या मुखपृष्ठावर ल्यूसिल बॉल या नटीचें नुकतेंच जन्मलेलें मूल होतें. आरंभीं दहा शहरांच्या दहा आवृत्त्या निघाल्या. पुढें त्यांची संख्या शंभरावर गेली. आकार लहान, सुमारें पांच इंच रुंद व साडेसात इंच उंच. बाहेरचीं पानें गुळगुळीत व रंगीत. त्यांत लेख, परीक्षणें व चित्रें असत, आणि हा भाग साऱ्या देशांत एकच असे. आंत साध्या कागदावर काळ्या शाईनें छापलेला कार्यक्रमांचा भाग. हा मात्र प्रत्येक आवृत्तींत निराळा. आठवडा शनिवारीं सुरू होऊन शुक्रवारीं संपे. तासामागून तास दिलेले असत, आणि प्रत्येक कार्यक्रमाच्या आधीं पडद्याच्या आकाराच्या एका चिमुकल्या चिन्हांत वाहिनीचा आंकडा असे. विशेष कार्यक्रमांस चौकट करून निराळें स्थान दिलें जाई.

यावरून एक गोष्ट उघड होते ती अशी कीं, अमुक तारखेचा ‘टीव्ही गाइड’ म्हणून एकच वस्तु अस्तित्वांत नाहीं. त्या तारखेचे शंभरावर अंक आहेत; त्यांचा बाहेरचा वेष सारखा आणि पोट निराळें. पूर्वेकडील शहरांत जो कार्यक्रम रात्रीं आठ वाजतां, तोच मध्यभागांतील शहरांत सातला. राष्ट्रीय संस्थांचे कार्यक्रम सर्वत्र थोडेफार सारखे दिसले तरी, त्यांच्याशीं न जोडलेलीं जीं स्वतंत्र स्थानकें शहरोशहरीं होतीं, त्यांचे जुने चित्रपट, मुलांचे खेळ, दुपारच्या गप्पा, रविवार सकाळचीं प्रवचनें हीं सर्व ज्या त्या आवृत्तींतच सांपडतात. असें असतां विक्रेत्यांच्या व संग्राहकांच्या याद्या पाहाव्या तर त्यांत बहुधा दोनच गोष्टी असतात: तारीख आणि मुखपृष्ठावर कोण आहे तें. आवृत्तीचें नांव असलेंच तर शेवटीं, किंमत सांगून झाल्यावर. एकाच बखरीच्या पांच प्रती निरनिराळ्या गांवीं मिळाल्या असतां त्यांचे पाठ न ताडतां केवळ बांधणीच्या कापडावरून त्यांची यादी करावी, तसा हा प्रकार आहे. आमच्या मतें ज्या यादींत आवृत्तीचें नांव नाहीं ती यादी चित्रांची होय, साप्ताहिकाची नव्हे.

चित्रांस आम्ही तुच्छ लेखीत नाहीं. रिचर्ड ॲमसेल व अल हर्शफेल्ड यांच्यासारख्या चित्रकारांनीं या साप्ताहिकाच्या मुखपृष्ठांसाठीं काम केलें आहे, आणि तीं चित्रें भिंतीवर लावण्याजोगीं आहेत. आक्षेप आहे तो त्यासाठीं चाललेल्या कापाकापीस. मुखपृष्ठ तेवढें काढून निराळें विकावें, आवडत्या नटाचा लेख कापून चिकटवहींत लावावा, आणि आंतील कार्यक्रमांचीं पानें रद्दींत द्यावीं, ही चाल जुनी आहे. हें करणाऱ्यास आपण कांहीं नष्ट करीत आहों असें वाटतही नाहीं, कारण त्याच्या दृष्टीनें तीं पानें त्या आठवड्याबरोबरच मेलेलीं असतात. सनदेवरील शिक्का सुबक दिसला म्हणून तो कापून घेऊन सनद चुलींत घालणाऱ्यास आमचे वाचक काय म्हणतील तें सांगण्याची आवश्यकता नाहीं. येथें तर विपर्यास अधिकच आहे. जो भाग देशभर एकसारखा छापला गेला, ज्याच्या प्रती सहज मिळतात, तो जपला जातो. आणि जो भाग त्या त्या प्रांतापुरताच छापला गेला, तो फेकला जातो.

दुसरी कसोटी प्रतीच्या ‘शुद्धतेची’. वर्गणीदाराच्या नांवपत्त्याची चिठ्ठी मुखपृष्ठावर असली कीं किंमत उतरते. ती ओरबाडून काढल्याची खूण राहिली तर आणखी उतरते. अंकाच्या शेवटीं शब्दकोडें असे. तें कोणीं सोडविलेलें असलें कीं प्रत दुय्यम ठरते. कोणीं पेन्सिलीनें एखाद्या कार्यक्रमाभोंवतीं वर्तुळ काढलें असेल तर विक्रेता तें दोष म्हणून नमूद करतो. दुकानांतून घेऊन कधीं न उघडलेली प्रत ही त्यांच्या मतें सर्वोत्तम. नाण्यांच्या संग्रहांतून ही कल्पना इकडे आली असावी. पण नाण्यांचा संग्राहकही झीज पाहून नाणें किती चाललें तें ओळखतो. पोथीच्या समासांतील टिपणें, मागील पानावरची मालकाची सही, मधल्या कोऱ्या जागेंत मांडलेला दाण्यांचा हिशेब यांवरून आम्ही पोथीचा प्रवास काढतों, आणि पुष्कळदां मूळ ग्रंथापेक्षां तो हिशेबच अधिक सांगून जातो. या साप्ताहिकांतील पेन्सिलीचीं वर्तुळें हा तसाच लेख आहे. छापलेल्या पानावरून अमुक शहरांत काय दिसूं शकत होतें तें कळतें. वर्तुळावरून एका घरानें त्यांतलें काय निवडलें, तें कळतें. चिठ्ठीवरील गांवाचें नांव त्या घराचें ठिकाण सांगतें. व्यक्तीचें नांव झांकून ठेवावें, हें योग्यच. परंतु गांव व तारीख टिपून घेतल्याशिवाय चिठ्ठी सोडवूं नये, आणि शक्य तर सोडवूंच नये. बाजारांत ज्या प्रतीस चार आणे मोल, ती येथें रुपयाची ठरते.

येथवर संग्राहकांचें झालें. आतां त्यांच्या संग्रहांवर इतिहास लिहूं पाहणाऱ्यांकडे वळूं. कारण त्यांची चूक संग्राहकांच्या चुकीहून सूक्ष्म आणि म्हणून अधिक घातक आहे. अंकांत छापलें आहे, म्हणजे तसें घडलें, असें ते धरून चालतात. हें साप्ताहिक आठवडा उजाडण्यापूर्वीं छापून घरोघर गेलेलें असे. तें पंचांग आहे, रोजनिशी नव्हे. पंचांगांत ग्रहण वर्तविलेलें असतें. त्या दिवशीं आकाशांत ढग होते कीं काय, तें रोजनिशीच सांगते.

उदाहरण ता. २८ मार्च १९८१ रोजीं सुरू होणाऱ्या आठवड्याचेंच घेऊं. सोमवार ता. ३० रोजीं रात्रीं लॉस एंजेलिस येथें अकादमी पारितोषिकांचा समारंभ व्हावयाचा होता व ए. बी. सी. ही संस्था तो दाखविणार होती. त्या दिवशीं दुपारीं अडीचच्या सुमारास वॉशिंग्टन येथें अध्यक्ष रेगन यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. दुपारचे नेहमींचे कार्यक्रम बाजूस सारून तिन्ही मोठ्या संस्था बातम्या देऊं लागल्या. समारंभ पुढें ढकलण्यांत आला व तो मंगळवारीं, ता. ३१ रोजीं, झाला. उलट त्याच सोमवारीं रात्रीं फिलाडेल्फिया येथें ठरलेला विद्यापीठांच्या बास्केटबॉल स्पर्धेचा अंतिम सामना, तो खेळवावा कीं नाहीं असा खल होऊनही, खेळविला गेला व एन. बी. सी. नें तो दाखविला. म्हणजे एकाच सोमवारच्या पानावरील दोन मोठ्या कार्यक्रमांपैकीं एक खरा ठरला व एक खोटा, आणि कोणता कोणता हें सांगण्याचें सामर्थ्य त्या पानांत नाहीं. मंगळवारचें पानही असेंच फसवें. कारण ढकललेल्या समारंभानें त्या रात्रींचे जे कार्यक्रम उठविले ते तेथें निमूटपणें छापलेलेच आहेत. परंतु नीट विचार करतां याच दोषांत त्या पानाची खरी किंमत आहे. काय घडलें तें वृत्तपत्रें सांगतात. काय घडावयाचें होतें, दुपारीं दोन वाजेपर्यंत लोक कशाची वाट पाहात होते, तें सांगणारा कागद हाच.

इ. स. १९८० च्या शरदऋतूची स्थिति तर याहून विलक्षण. दरवर्षीं सप्टेंबरांत निघणारा नव्या हंगामाचा विशेषांक संग्राहकांचा फार लाडका. त्या वर्षीं नटांचा संप जुलैंत सुरू होऊन ऑक्टोबरापर्यंत चालला, आणि पुष्कळ नव्या कार्यक्रमांचा आरंभ लांबणीवर पडला. ‘डॅलस’ या मालिकेंतील जे. आर. यास कोणीं गोळी घातली, हें कोडें २१ मार्च रोजीं घालून ठेवलें होतें. तें सुटण्यास २१ नोव्हेंबर उजाडला. अशा वर्षाचा विशेषांक हा घडलेल्या हंगामाचा नसून योजलेल्या हंगामाचा पुरावा आहे, हें तो वापरणाऱ्यानें विसरूं नये.

मग खरी रोजनिशी कोठें आहे? प्रत्येक स्थानकास प्रक्षेपित कार्यक्रमांची नोंदवही ठेवण्याचें सरकारी बंधन होतें; परंतु त्या वह्या कायम राखण्याचें बंधन नव्हतें, आणि १९८४ मध्यें दूरचित्रवाणीपुरतें तें मूळ बंधनही उठलें. नॅशव्हिल येथील व्हँडरबिल्ट विद्यापीठानें ऑगस्ट १९६८ पासून राष्ट्रीय संस्थांच्या सायंकाळच्या बातम्या ध्वनिचित्रमुद्रित करून ठेवल्या आहेत. तें काम मोठें, पण तें राष्ट्रीय बातम्यांपुरतें. लहान शहरांतील स्थानकांचे जे कार्यक्रम थेट दाखविले गेले, किंवा ज्यांच्या फिती पुसून पुन्हां वापरल्या गेल्या, त्यांच्यासाठीं स्थानिक वृत्तपत्र व या साप्ताहिकाची स्थानिक आवृत्ति यांवांचून बहुधा दुसरा आधार उरत नाहीं. दोन्ही ताडून पाहिलीं असतां पुष्कळ निश्चितता येते. आणि ताडावयाचें कशाशीं, तर ज्या पानांस रद्दींत जागा मिळाली त्यांशीं!

बाहेरच्या रंगीत भागाविषयीं आमचें मत प्रतिकूल आहे असा ग्रह होऊं नये, म्हणून एक अंक मुद्दाम सांगतों. सी. बी. एस. या संस्थेनें ता. २३ जानेवारी १९८२ रोजीं व्हिएतनाम युद्धांतील शत्रुसैन्याच्या आंकड्यांविषयीं एक माहितीपट दाखविला व त्यांत जनरल वेस्टमोरलंड यांच्यावर आरोप केले. ‘टीव्ही गाइड’च्या ता. २९ मे १९८२ च्या अंकांत डॉन कोवेट व सॅली बेडेल यांनीं, हा माहितीपट तयार करतांना संस्थेनें स्वतःचेच नियम मोडले, असें दाखविणारा सविस्तर लेख लिहिला. त्यावरून संस्थेस आपल्या घरांतच चौकशी करावी लागली. सप्टेंबरांत जनरलसाहेबांनीं बारा कोटी डॉलरांची फिर्याद लावली. खटला १९८४ च्या ऑक्टोबरांत उभा राहिला, आणि १९८५ च्या फेब्रुवारींत, पंचांकडे निर्णयासाठीं जाण्यापूर्वींच, त्यांनीं तो काढून घेतला. करमणुकीचें म्हणून ज्यास कोणी हातांत घेई त्या साप्ताहिकांतील हा लेख त्या प्रकरणांतील अव्वल दर्जाचा कागद आहे. येथें आवृत्ति कोणतीही चालेल, कारण लेख सर्वांत एकच. संग्राहकानें कोणत्या बाबतींत आवृत्ति पाहावी व कोणत्या बाबतींत पाहण्याचें कारण नाहीं, हा विवेक करावयाचा तो असा.

१९८८ मध्यें हें साप्ताहिक व त्याच्या जोडीचीं नियतकालिकें सुमारें तीन अब्ज डॉलरांस विकलीं गेलीं. ऑक्टोबर २००५ मध्यें त्याचा लहान आकार व स्थानिक आवृत्त्या दोन्ही बंद झाल्या. त्या वेळीं आवृत्त्या १४० होत्या. ज्यांच्या पेट्यांत एकाच तारखेच्या दोन प्रती आहेत त्यांनीं एक जास्तीची समजून काढून टाकण्यापूर्वीं दोन्हींचीं आंतील पानें उघडून आवृत्तीचें नांव पाहावें. तसेंच, ता. २८ मार्च १९८१ च्या अंकाची अशी एखादी प्रत, जिच्यांत सोमवार रात्रींच्या समारंभाभोंवतीं काढलेलें वर्तुळ खोडून कोणीं मंगळवारच्या पानावर हातानें नोंद केली आहे, आमच्या पाहण्यांत अद्याप आलेली नाहीं. कोणाच्या संग्रहीं असल्यास आवृत्तीचें नांव, शाईचा रंग व नोंदीची अक्षरशः नक्कल, एवढें कळवावें.