यशोगाथेतला ‘मी’ कोणाचा?

दलित उद्योजकांच्या यशोगाथा आज विपुल लिहिल्या जातात. त्यांच्याकडे वाङ्मयप्रकार म्हणून पाहिले पाहिजे. त्यांचा साचा ठरलेला आहे : दारिद्र्य, अपमान, जिद्द, कारखाना, पुरस्कार आणि शेवटी नेतृत्वाचे चार-पाच धडे. जात पहिल्या प्रकरणापुरती येते. नायकाने ती एकदा ओलांडली की लेखकाच्या लेखी ती संपते. माझा आक्षेप या साच्याला आहे. त्या माणसांचे कर्तृत्व वादातीत आहे.

बाबासाहेबांचेच उदाहरण घ्या. १९१७ साली मायदेशी परतल्यानंतर त्यांनी मुंबईत शेअर-व्यवहारांचा सल्ला देण्याचा व्यवसाय थाटला. सल्लागार अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाइके फिरकेनाशी झाली. कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकलेल्या या माणसाजवळ कोणता गुण कमी होता? यशोगाथेच्या साच्यात या प्रश्नाला जागा नाही.

पुणे-नाशिक रस्त्यावरच्या आमच्या कुरुळीत मी हेच पाहतो. चाकण पट्ट्यात कारखाने आले तेव्हा ज्याच्या नावावर सातबारा होता, त्याने शेड उभारली, भाड्याच्या खोल्या काढल्या, मजूर पुरवण्याचा ठेका मिळवला. ज्याच्याजवळ सातबाराच नव्हता, तो त्या ठेकेदाराच्या हजेरीपटावर चढला. पहाटे दोघेही सारखेच उठत होते. जिद्दीचा धडा यातल्या कोणाला शिकवायचा?

कल्पना सरोज यांची कथा तर डोळे दिपवणारी आहे. अकोला जिल्ह्यातली, बालविवाह सोसलेली मुलगी २००६ साली कमानी ट्यूब्जची अध्यक्ष होते; २०१३ साली तिला पद्मश्री मिळते. पण हाच कारखाना १९८८ च्या सुमारास कामगारांनी सहकारी तत्त्वावर आपल्या ताब्यात घेतला होता. पुढे तो पुन्हा अडचणीत आला आणि कामगारच सरोजबाईंकडे गेले. यशोगाथेत हे कामगार येतात ते वाचवले गेलेले म्हणून, एखाद्या ओळीपुरते. मालकी चालवून पाहिलेल्या त्या हातांचा अनुभव काय होता, त्यांचा प्रयोग कशाने मोडला, हे त्यात येत नाही. उद्योजकतेचा याहून मोठा धडा कोणता?

‘बलुतं’ (१९७८) किंवा ‘उपरा’ (१९८०) वाचताना ‘मी’च्या पाठीशी अख्खी वस्ती, अख्खी जमात उभी दिसते. यशोगाथेतला ‘मी’ वस्ती सोडून पुढे निघतो आणि तिला आपल्या यशाची पार्श्वभूमी करून टाकतो. आत्मकथनाने कमावलेले हे समूहभान गमावून आपण कोणते यश साजरे करणार आहोत?

दलित उद्योजकांचे चेंबर, ‘डिक्की’, २००५ साली पुण्यात स्थापन झाले. नोकरी मागणारे न राहता देणारे व्हा, हे त्याचे आवाहन मला मोलाचे वाटते. भांडवल हाती आल्यावाचून मुक्ती अपुरीच राहील. पण मग नोकरी कशी दिली, हे विचारायलाच हवे. कायम की ठेक्यावर? भविष्य निर्वाह निधी भरला जातो का? वस्तीतली किती पोरे यंत्रावर गेली आणि किती नुसती झाडूवर राहिली? यशोगाथाकारांकडे माझी एवढीच मागणी आहे : पुरस्काराच्या छायाचित्राशेजारी कारखान्याचा हजेरीपटही छापा.