मुक्ता साळवेचा निबंध आणि आपला पहिला लेख

वर्तमानपत्राला पहिल्यांदाच वैचारिक लेख पाठवणारे तरुण आपल्यात वाढत आहेत, ही आनंदाची बाब आहे. परंतु यांतील बरेच लेख एकाच साच्यातले असतात. आरंभी देशनिष्ठेची ग्वाही, मध्ये थोरांची अवतरणे, शेवटी एकात्मतेचे आवाहन. लेखकाचे स्वतःचे म्हणणे शोधावे लागते. अशा वेळी 1855 सालचा एक निबंध पुन्हा वाचावासा वाटतो.

पुण्यात फुले दाम्पत्याच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मातंग मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी हा निबंध लिहिला. तेव्हा ती सुमारे 14 वर्षांची होती. अमेरिकन मिशनऱ्यांच्या 'ज्ञानोदय'ने तो 15 फेब्रुवारी व 1 मार्च 1855 च्या अंकांत छापला.

उर्दू शाळेत आम्ही मुलांना मजमून शिकवतो, तेव्हा तमहीद, नफ्से मजमून आणि खातिमा असे तीन भाग सांगतो. मुक्ताचा निबंध या कसोटीवर उतरतोच, पण त्याची ताकद दलील मांडण्यात आहे. वेद ब्राह्मणांचेच असतील आणि आम्हाला ते पाहण्याचाही अधिकार नसेल, तर आम्ही धर्मरहितच ठरलो; मग आमचा धर्म कोणता, असे ती थेट ईश्वरालाच विचारते. मुसलमानांना कुराण आहे, इंग्रजांना बायबल आहे, आमच्या हाती काय, हाही तिचा सवाल आहे. विरोधकाचेच विधान घेऊन ती त्याला शेवटपर्यंत चालवत नेते. 

दलीलीनंतर पुरावा येतो, तोही घरातला. बाळंतपणाच्या वेळी डोक्यावर छप्पर नसलेल्या, थंडी-पावसात कुडकुडणाऱ्या बायांचे दुःख ती सांगते. हे दुसऱ्या कोणाला लिहिता आले नसते. आणि खातिम्यात ती आपल्याच लोकांकडे वळते. ज्ञान हेच तुमच्या रोगावरचे औषध आहे, ते घ्या, असे बजावते.

निबंधाला मर्यादाही आहेत. पेशवाईच्या जुलमाशी तुलना करताना इंग्रजी अमलावर तिने टाकलेला विश्वास आज भाबडा वाटतो. मिशनऱ्यांच्या पत्राने तो छापण्यामागे त्यांचाही हेतू असू शकेल. तरीही प्रश्न मुक्ताचाच राहतो. छापणाऱ्याचा होत नाही. मला हे फार महत्त्वाचे वाटते.

कारण आपली अडचण नेमकी इथेच आहे. संपादकांना आपली आठवण ईदला येते, नाहीतर तलाकचा वाद पेटल्यावर. विषय त्यांचा, आणि आपण फक्त खुलासा करायचा. अनेक गावांत उर्दू शाळा सातवीला संपते आणि मुलीचे शिक्षणही तिथेच थांबते. त्यावर लेख मागायला कोणी येत नाही. तो आपणच पाठवावा लागेल. त्यात शासनाला जाब विचारावा, तसा मुलीला घरी बसवणाऱ्या बापालाही विचारावा. मराठी थोडी अडखळली तरी बिघडत नाही.

पहिला लेख लिहिणाऱ्याने खुलाशापेक्षा प्रश्नापासून आरंभ करावा. चौदा वर्षांच्या मुलीने तो मार्ग कधीच दाखवून ठेवला आहे.