डोके सापडले का? जुन्या मथळ्यांचा शब्दशः पाठपुरावा

मंडळी, जुने वर्तमानपत्र हाती आले की आपण मथळा वाचतो, मजकूर बाजूला ठेवतो आणि पुढे काय काय झाले असेल याच्या कल्पना करत बसतो. स्नेहसंमेलनात, दिवाळी अंकात, चहाच्या टपरीवर हा खेळ चालूच असतो. मथळा शब्दशः घ्यायचा आणि त्याचे परिणाम शेवटपर्यंत ओढत न्यायचे. या विनोदाची आज आम्हाला जरा झडती घ्यायची आहे. नमुने टिळकांच्या 'केसरी'तले घेतले आहेत. टिळकांचे मूळ गाव चिखलगाव, म्हणजे आपल्याच दापोली तालुक्यातले. माल घरचाच आहे.

पहिला नमुना अर्थातच 'सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?' तारीख ६ जुलै १८९७. आदल्या महिन्यात, २२ जूनच्या रात्री, पुण्यात रँडवर गोळी झाडली गेली होती. त्यानंतर सरकारने अख्ख्या शहराला धारेवर धरले, आणि त्यावर हा अग्रलेख आला.

आता समजा, सरकारने हा प्रश्न चौकशी म्हणून दाखल करून घेतला. मुंबईहून कलेक्टरांना हुकूम सुटला की आपापल्या जिल्ह्यात डोक्याचा शोध करून कळवावे. रत्नागिरीहून तो दापोलीच्या मामलेदाराकडे आला, मामलेदाराकडून पाटलाकडे गेला. महिन्याभराने उत्तर गेले: 'तालुक्याचा शोध केला. डोके आढळले नाही. काप दापोलीत साहेबी टोपी एक मिळाली, ती मुद्देमालात जमा आहे. डोक्याचे मूळ ठिकाण कोणते, हे कळविल्यास पुन्हा शोध करण्यात येईल.'

इथे हसू कुठून येते ते बघा. टोपीवर हसू येते, ते येणारच. पण खरी गंमत शेवटच्या वाक्यात आहे. डोके ठिकाणावर आहे का, हे सांगायला आधी ठिकाण माहीत हवे. टिळकांच्या मथळ्यात हे पोटात होतेच. राज्य करणाऱ्याचे डोके कुठे असायला हवे, हे वाचकाला ठाऊक आहे, असे त्यात गृहीत धरले आहे. बिचारा मामलेदार फाईल पुढे ढकलायला जातो आणि नेमका त्याच प्रश्नाशी येऊन ठेपतो. म्हणून हा विनोद आम्ही चांगला म्हणतो. मथळ्यातला एक शब्दही बदलावा लागला नाही. उलट डोक्याला टोप घालणारे, त्याला रेल्वेत हरवणारे बरेच प्रकार आम्ही ऐकले आहेत. त्यांत मथळा नुसता खुंटीसारखा वापरलेला असतो. तिथे दुसरा कुठलाही मथळा टांगला तरी चालले असते.

'उजाडले, पण सूर्य कोठे आहे?' हा दुसरा. माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांवरचा. आपल्याकडे आषाढात हा रोज छापावा लागेल, आणि कुणाला त्यात राजकारण दिसणार नाही. बायका वाळत घातलेल्या कपड्यांकडे बघून तेवढ्याच कळवळ्याने हेच विचारतात. एवढे म्हणून पुढे जाऊ, कारण हा विनोद तिथेच संपतो.

मथळा शब्दशः वाचणारे अजून एक खाते तेव्हा होते. ते हसत नव्हते.

१९०८ साल. मुझफ्फरपूरच्या बाँबस्फोटानंतर 'केसरी'त लेख आले. त्यांतले दोन, १२ मेचा 'देशाचे दुर्दैव' आणि ९ जूनचा 'हे उपाय टिकाऊ नाहीत', घेऊन सरकार मुंबई हायकोर्टात गेले. त्या खटल्यात टिळकांनी स्वतः एकवीस तासांहून अधिक भाषण केले. त्यातला मोठा भाग कशावर होता? भाषांतरावर! सरकारी भाषांतरकाराने या मराठी शब्दाला तो इंग्रजी शब्द का घातला, त्याने अर्थाचा रंग कसा बदलला, यावर. ज्यूरीत सात युरोपियन आणि दोन पारशी. सात विरुद्ध दोन असा निकाल झाला आणि न्यायमूर्ती दावरांनी सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा दिली. मंडाले.

म्हणजे बघा, पद्धत तीच. संदर्भातून शब्द उचलायचा, त्याचा एकच अर्थ धरायचा आणि त्याचे परिणाम शेवटपर्यंत न्यायचे. आपण करतो तेव्हा सभागृह हसते, सरकारने केले तेव्हा माणूस सहा वर्षे गेला. 'देशाचे दुर्दैव' या मथळ्याचा विनोद करून बघायचा प्रयत्न आम्ही केला. जमत नाही. त्याचा परिणाम कल्पनेच्या आधीच घडून गेलेला आहे.

शिवरामपंत परांजप्यांच्या 'काळ'ची अडचण उलटी. तिथे वक्रोक्ती. शब्दशः वाचले तर सरकारची स्तुतीच निघायची! तिथे सरकारला शब्दाच्या पलीकडे वाचणे भाग होते, आणि ते त्याने वाचले. त्याच १९०८ मध्ये परांजपेही तुरुंगात गेले. शब्दशः वाचायचे की नाही हे ठरवायचा अधिकार ज्याच्या हाती, त्याला दोन्हीकडून शिक्षा देता येते. विनोद करणाऱ्याला ही सोय नाही. त्याने एकदा शब्द धरला की निघेल तो अर्थ, स्वतःवर उलटला तरी, पत्करावा लागतो. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांचा विनोद बघा. माणूस पेशाने वकील, सुदामा आणि त्याची मंडळी आपलीच, आणि थट्टा होते ती आपल्याच रूढींची.

कुणी म्हणेल, मग आजच्या मथळ्यांवर करा की! अहो, 'पाहून तुम्हीही थक्क व्हाल' याचे काय करायचे? कोणी थक्क झाले नाही, एवढाच परिणाम. ज्या मथळ्यात लिहिणाऱ्याने काही पणाला लावलेले नाही, त्यातून विनोदालाही काही मिळत नाही.

आणि काही मथळ्यांचे परिणाम कल्पनेलाही सुचले नसते. तुरुंगातून सुटल्यावर लेखणी पुन्हा हाती घेताना टिळकांनी 'पुनश्च हरिः ॐ' लिहिले. २०२० च्या जूनमध्ये टाळेबंदी सैल करताना महाराष्ट्र सरकारने तेच शब्द उचलले, आणि सोबत इंग्रजी नाव दिले 'मिशन बिगिन अगेन'. सरकारी भाषांतर, मंडळी, पुन्हा एकदा. या वेळी मात्र मूळ लेखकाची तक्रार करायची सोय नव्हती.

राहिले ते डोके. ते आता स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांत मिळते: 'हा अग्रलेख कोणी लिहिला?' चार पर्याय, योग्य तो निवडा. डोके ठिकाणावर होते का, हे तिथेही कोणी विचारत नाही.