लावणी शोधली, पण सापडली कोणती?

अकलूजचा आहे म्हटलं की समोरचा दोन गोष्टी विचारतो: साखर कारखाना आणि लावणी. नव्वदच्या दशकात आमच्या गावात राज्यस्तरीय लावणी स्पर्धा सुरू झाली. लहानपणी आजी मला तिथे घेऊन जायची. लक्षात राहिली ती बैठकीची लावणी. बाई बसूनच गायची. एकच ओळ पुन्हा पुन्हा घ्यायची आणि दर वेळी डोळ्यांनी, बोटांनी तिचा अर्थ बदलायची. मला कंटाळा यायचा. आजी म्हणायची, ‘जरा दम धर की.’ दम धरला की मजा कळायची.

परवा फोनवर नुसतं ‘लावणी’ टाइप केलं. ‘नटरंग’मधली गाणी आली, मग ‘चंद्रमुखी’तली ‘चंद्रा’, मग त्याच गाण्यांवर नाचणारी लग्नातली मंडळी. बराच वेळ स्क्रोल केलं, यमुनाबाई वाईकर काही दिसल्या नाहीत. बैठकीच्या लावणीत आयुष्य घातलेल्या या बाईंना २०१२ साली पद्मश्री मिळाली, २०१८ साली त्या गेल्या. मग त्यांचं नाव टाकलं, तर लगेच आल्या. म्हणजे त्या तिथे होत्याच. फक्त ज्याला नाव माहीत नाही, त्याच्यासाठी नव्हत्या.

मी पोटापाण्यासाठी अशाच याद्यांचा क्रम लावणारं सॉफ्टवेअर लिहितो, त्यामुळे यात कुणाचा कट नाही हे मला माहीत आहे. यूट्यूबच्या इंजिनिअरांनी २०१६ साली आपली पद्धत एका शोधनिबंधात मांडली होती. आधी लाखो व्हिडिओंमधून काहीशे उचलायचे, मग त्यांना गुण देऊन मोजके दाखवायचे. गुण कशाचे, तर तुम्ही किती वेळ बघत राहाल याच्या अंदाजाचे. आता शॉर्ट्स आणि रील्समध्ये पहिल्या दोन-तीन सेकंदांतच बोट वर सरकतं. बैठकीची लावणी तेवढ्यात जेमतेम सूर लावते. ती नापास होते, कमी दिसते, कमी दिसल्यामुळे पुढच्या वेळी आणखी कमी दिसते. आम्ही मात्र याला ‘युजरची आवड’ म्हणतो. जे दाखवलंच नाही, ते आवडलं नाही असं कसं म्हणायचं?

सिनेमातल्या लावणीवर माझा राग नाही. शाळेच्या गॅदरिंगला आम्हीही त्यावरच नाचलो. तक्रार एवढीच, की तिच्यापासून पुढे जायला वाट नाही. एका ‘चंद्रा’नंतर दहा ‘चंद्रा’ येतात.

परीक्षकांची निवड निर्मळ होती असंही नाही. मंचावर मान पारंपरिक लावणीला. कलाकेंद्रात गिऱ्हाइकाच्या फर्माइशीवर सिनेमाची गाणी करून घर चालवणाऱ्या बाईची कला त्या मापात कुठे बसणार? पण परीक्षक समोर बसलेले असायचे. त्यांना नावं होती. निकाल पटला नाही तर लोक चहाच्या टपरीवर त्यांची सालं काढायचे. फीडशी असं भांडता येत नाही.

म्हणून मी सात लावण्यांची यादी करून चुलत बहिणीला पाठवली. तिसरी तिने अर्ध्यातच बंद केली आणि मेसेज टाकला, ‘दादा, ह्याच का निवडल्यास?’

उत्तर टाइप करायला मला अर्धा तास लागला. मग तिने ती तिसरी पुन्हा लावली.