वही समोर असली म्हणून काय बिघडले?

गेल्या रविवारी त्सुफेनहाउझेनला आम्ही मुलांचे पियानोवादन ऐकले. आपल्यातली एक मुलगी बेथोव्हेनचे ‘फ्यूर एलीझे’ गोड वाजवीत होती. यात मूळ सूर फिरून फिरून येतो आणि पुढे वाट निराळी फुटते. तिथेच ती चुकली, थबकली, रडत खाली उतरली. शिकवणाऱ्या बाईंनी मधल्या चार जागांवरून सुरू करायची सवय लावली असती, तर सावरली असती. शिवाय पाठच वाजवा, हा हट्ट कशाला? क्लारा वीकने १८३७ मध्ये बर्लिनला पाठ वाजवले, तेव्हा बेटिना फॉन आर्निमला ती घमेंड वाटली होती. थोर रशियन वादक रिश्टर उतारवयात वही समोर ठेवूनच वाजवीत. आपले हज्जान पराशा तोंडपाठ असली तरी सेफेर तोरा उघडतातच. त्यांना कोणी कच्चे म्हणते काय? पुढच्या खेपेस तिची पाने उलटायला आम्ही शेजारी बसू.